परतीच्या तिकिटाचा जामीन

परदेशी निघालेल्या मनुष्याने आपण तेथून परत येऊ याचा पुरावा प्रस्थानापूर्वीच सादर करावा, ही अट वरकरणी समंजस दिसते, आणि ज्याची बँकेतील शिल्लक भक्कम आहे, ज्याच्या पारपत्रावर दोनचार देशांची मोहोर आधीच उमटलेली आहे, अशा प्रवाशाला ती विशेष जाचतही नाही. परंतु बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर अथवा वडवणी तालुक्यांतून एकमार्गी तिकीट घेऊन आखाताच्या दिशेने निघालेल्या तरुणापुढे ती उभी राहते, तेव्हा तिचे स्वरूप पालटते. मी या अटीच्या हेतूविरुद्ध लिहीत नाही. ज्या रीतीने ती अमलात येते, आणि ज्यांच्यावर तिचा सारा भार पडतो, त्याविषयी मला लिहावयाचे आहे.

प्रथम व्यवहार कसा चालतो ते पाहू. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना अल्पकाळच्या भेटीसाठी व्हिसाची अट शिथिल केली, पण परतीचे तिकीट आणि पुरेशी रक्कम जवळ असण्याची अट कायम ठेवली. इंडोनेशिया व फिलिपाइन्स परतीचे नाही तर निदान तिसऱ्या देशाकडे जाण्याचे तिकीट मागतात. संयुक्त अरब अमिरातीने 2024 मध्ये व्हिजिट व्हिसावर येणाऱ्यांचे परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि जवळचे पैसे यांची तपासणी अधिक कडक केली. या अटी परक्या सरकारांच्या असल्या, तरी त्यांची पहिली अंमलबजावणी होते ती आपल्याच विमानतळावर, आणि तीही विमान कंपनीच्या काउंटरवर. कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी, आणि अनेक देशांत वर दंडही, त्या कंपनीवरच पडतो. काउंटरवरील कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसंचात त्या देशाचे नियम पाहतो आणि बोर्डिंग पास द्यायचा की नाही ते ठरवतो. ज्याच्या निर्णयावर तेथे कोणतेही अपील नाही, ज्याच्यापाशी कोणताही सरकारी हुद्दा नाही, असा एक खाजगी नोकर अशा प्रकारे दोन राष्ट्रांच्या सीमेवरचा पहिला अधिकारी होऊन बसला आहे. त्याला मी दोष देत नाही. दंडाची टांगती तलवार त्याच्या मालकावर आहे. दोष आहे तो ही अट तिकीट विकताना ठळकपणे न सांगता, रात्रभर एस.टी.ने प्रवास करून मुंबई गाठलेल्या मनुष्याला ती उड्डाणाच्या तोंडावर ऐकवणाऱ्या व्यवस्थेचा.

आता आपल्या स्वतःच्या सरकारकडे वळू. 1983 च्या उत्प्रवासन कायद्यान्वये जो दहावी उत्तीर्ण नाही आणि इतर कोणत्याही सवलतीत बसत नाही, त्याच्या पारपत्रावर ईसीआरचा, म्हणजे ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ असा, शिक्का पडतो, आणि आखाती देशांसह मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया आदी ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्याला प्रवासी संरक्षक अधिकाऱ्याचा परवाना घ्यावा लागतो. तो नोकरीसाठी जात नसून भेटीसाठी जात असेल, तर 2007 पासून परवान्याची गरज नाही. वैध पारपत्र, वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट एवढे दाखवले की पुरे. म्हणजे दहावी झालेला एकमार्गी तिकिटावर देश सोडू शकतो, आणि न झालेल्याला मात्र आपल्याच देशाच्या उंबरठ्यावर परतीचे तिकीट दाखवावे लागते.

बीड जिल्ह्यात दहावी कोणाची राहते, हे येथे कोणाला सांगावयास नको. दसरा उलटला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघतात, त्यांच्यासोबत त्यांची मुलेही निघतात, आणि शाळेचे वर्ष फडावरच्या कोपीत संपून जाते. या मजुरांकडे कोणी परतीचे तिकीट मागत नाही; त्यांची परतफेड उचलीच्या वहीत लिहिलेली असते. ज्या स्थलांतराने त्या मुलाची शाळा हिरावली, त्याच्याच परिणामी पुढे त्याच्या पारपत्रावर शिक्का पडतो, आणि त्या शिक्क्यामुळे त्याच्याकडे परतीच्या भाड्याची मागणी होते. राज्याने त्याला जे द्यावयास हवे होते ते दिले नाही, आणि त्या अभावाचीच किंमत तो आता भरतो.

यात्रेकरूंच्या इतिहासात या अटीचा एक अधिक शहाणा पूर्वज सापडतो. मुंबई बंदरातून आगबोटीने हजला जाणारे कित्येक गरीब यात्रेकरू परतीचे भाडे नसल्याने जेद्दाह येथे अडकून पडत, आणि त्यांना परत आणण्याचा खर्च अखेर हिंदुस्थान सरकारवर येई. 1925 च्या सुमारास कायद्यात दुरुस्ती होऊन असे ठरले, की यात्रेकरूने परतीचे तिकीट तरी घ्यावे, किंवा परतीच्या भाड्याइतकी रक्कम अनामत ठेवावी. तो वाटेत अथवा हेजाझमध्ये मरण पावला, तर ती अनामत त्याने नेमलेल्या वारसाला परत मिळे. राज्य परकीय होते, आणि त्याचा हेतू खजिना वाचवण्याचा होता. तथापि त्याने गरिबाला दोन वाटा दिल्या होत्या, आणि ठेवलेल्या पैशावर त्याचा हक्क मान्य केला होता. आजची अट एकच वाट देते.

बीड तेव्हा निजामाच्या रियासतीत होते, आणि त्या रियासतीतून निघालेल्या यात्रेकरूची आणखी एक तजवीज होती, जिचा उल्लेख केल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. मक्केत निजामाच्या नावाची रुबात, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, उभी राहिली, आणि आजही जुन्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतील यात्रेकरूंना, त्यात मराठवाड्याचेही आले, चिठ्ठ्या काढून तेथे विनामूल्य जागा दिली जाते. निजामी राजवटीचे दोष मराठवाड्याने भोगले आहेत; 17 सप्टेंबर 1948 रोजी मिळालेल्या मुक्तीचे मोल कमी करण्याचा माझा विचार नाही. परंतु आपला मनुष्य परमुलखात निराधार होऊ नये म्हणून त्याच्याकडे पुरावा मागणे हा एक मार्ग झाला, आणि तेथे त्याच्यासाठी छप्पर उभारणे हा दुसरा. दुसरा मार्ग अधिक खर्चाचा आहे, आणि अधिक माणुसकीचाही.

परतीच्या तिकिटाने भोळा तरुण फसवणुकीपासून वाचतो, असे या अटीचे समर्थक म्हणतात. ते मला पटत नाही. नोकरीचे आमिष दाखवून व्हिजिट व्हिसावर माणसे पाठवणारा एजंट परतीचे तिकीट सहज काढून देतो, त्याची रक्कम तरुणाच्या कर्जात मिळवतो, आणि विमान उतरल्यावर त्या तिकिटाचे काय होते हे त्या तरुणाला कळतही नाही. काही ठिकाणी तर थोड्या पैशांत काही तासांपुरते टिकणारे नुसते आरक्षण काढून दिले जाते. त्याची तपासणी झाली तर अडकतो तो प्रवासी, एजंट नव्हे. आणि या आडवाटेने गेलेल्याचे खरे नुकसान निराळेच आहे. रीतसर परवाना घेऊन गेलेल्या कामगाराला प्रवासी भारतीय बिमा योजनेचे 10 लाख रुपयांचे विमाछत्र असते, त्याच्या कराराची नोंद सरकारदप्तरी असते. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला यांतले काहीच नसते. अपघात झाला तर गावाकडे निरोप कोण धाडणार, हेही ठरलेले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की ज्या अटी परक्या देशांच्या आहेत त्या तिकीट विकतानाच, ग्राहकाला समजेल अशा मराठीत, सांगण्याची सक्ती विमान कंपन्यांवर व एजंटांवर व्हावी. जी अट आपल्या सरकारची आहे तिच्यात तिकिटाला पर्याय म्हणून परत मिळणारी अनामत मान्य व्हावी. आणि प्रवासी संरक्षकाच्या कार्यालयाचा एक कक्ष बीडच्या जिल्हाधिकारी कचेरीत असावा, म्हणजे रीतसर मार्ग आडमार्गापेक्षा दूर राहणार नाही. हे होईपर्यंत वाचकांना एवढेच सांगणे आहे: घरातील कोणी परदेशी निघत असेल, तर एजंटाच्या हाती पैसे देण्यापूर्वी व्हिसा नोकरीचा आहे की भेटीचा हे कागदावर पाहा, परतीचे तिकीट कोणाच्या नावे आणि रद्द झाल्यास पैसे कोणाकडे परत येतात हे विचारा, आणि भरती करणाऱ्या एजंटाचा परवाना खरा आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याखेरीज पारपत्र त्याच्या स्वाधीन करू नका.