कर्तव्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?

लोकांसाठी घरादारावर तुळशीपत्र ठेवणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजाला नेहमीच आदर वाटत आला आहे. राजा हरिश्चंद्राने दिलेला शब्द पाळला म्हणून तो सत्त्वशील ठरला. पण त्या शब्दापायी राजाच्याही आधी विकली गेली ती राणी तारामती आणि तिच्याबरोबर बाळ रोहिदास. सत्त्वाचे श्रेय राजाच्या नावे जमा झाले; खर्चाचा मोठा भाग मात्र पत्नीच्या आणि मुलाच्या खात्यावर पडला. आख्यानाच्या रंगात ही नोंद सहसा वाचली जात नाही.

ती वाचायला लावणारी एक कथा अलीकडच्या काळात अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आली. 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा अमेरिकन ॲनिमेशनपट जून २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आणि भारतात तो मराठीसह अनेक भाषांत दाखवला गेला. मुखवटा घालून भिंतीवर चढणाऱ्या पोराची गोष्ट म्हणून प्रौढांपैकी पुष्कळांनी त्याकडे पाठ फिरवली असेल. वस्तुतः कर्तव्य आणि कुटुंब यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाने काय करावे, हा प्रश्न त्या चित्रपटात जितक्या नेटाने मांडला आहे, तितका तो प्रौढांच्या वाङ्मयातही क्वचितच आढळतो. त्या प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी मात्र थोडे मागे जावयास हवे.

न वटलेला धनादेश

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' या चित्रकथा मासिकात स्पायडरमॅनला प्रथम आणले. तत्पूर्वीचे महानायक सामान्य संसारापासून बरेच दूर होते. १९३८ मधला सुपरमॅन परग्रहावरून आलेला. १९३९ मधला बॅटमॅन गडगंज संपत्तीचा वारस. पीटर पार्कर हा मात्र न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात बेनकाका आणि मेकाकू यांच्या आश्रयाला वाढलेला शाळकरी पोरका मुलगा. किरणोत्सर्गी कोळ्याच्या दंशाने त्याला अचाट शक्ती लाभते, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो तो पैसे मिळवण्याचा. समोरून पळणाऱ्या चोराला अडवणे हे आपले काम नव्हे, असे म्हणून तो बाजूला होतो आणि पुढे तोच चोर बेनकाकांचा जीव घेतो. स्पायडरमॅनचे व्रत या अपराधाच्या जाणिवेतून जन्मले आहे.

मार्च १९६३ मध्ये त्याच्या स्वतंत्र मासिकाचा पहिला अंक निघाला. त्यातील प्रसंग कोणत्याही कनिष्ठ मध्यमवर्गीय घरात ओळखीचे वाटावेत असे आहेत. घरातला कमावता माणूस गेलेला, भाडे थकलेले, मेकाकू आपले दागिने गहाण टाकतात आणि ते पुतण्याच्या नजरेस पडते. तो वेशांतर करून रंगमंचावर खेळ करतो, तर मोबदल्याचा धनादेश 'स्पायडरमॅन' या नावाने निघतो. बँकेतला कारकून ओळखपत्र मागतो. ते कोठून आणावे? धनादेश वटत नाही. त्या कारकुनाची यात काहीही चूक नव्हती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पुढे 'फँटास्टिक फोर' या प्रसिद्ध मंडळात नोकरी मिळेल या आशेने तो जातो, तर तेथे पगार देण्याची पद्धतच नसल्याचे त्याला कळते. त्याच अंकात जे. जोना जेमसन हा वृत्तपत्रमालक त्याच्याविरुद्ध मोहीम उघडतो. स्पायडरमॅन जेमसनच्या अंतराळवीर मुलाचे प्राण वाचवतो, तरीही त्या मोहिमेत खंड पडत नाही. उलट संशय वाढतो आणि शहराचा रक्षक हा शहराचा फरारी ठरतो. दुसऱ्या अंकापासून तर पोटासाठी तो छायाचित्रे काढून याच जेमसनला विकू लागतो.

या कथेमागचे अर्थशास्त्र सरळ आहे. सुरक्षितता ही सार्वजनिक वस्तू होय. ती एकाला मिळाली की सर्वांना मिळते, आणि जी सर्वांना आपोआप मिळते तिचे मोल देण्यास कोणीही स्वखुशीने पुढे येत नाही. म्हणूनच समाज कर गोळा करतो आणि त्यातून पोलिसाला वेतन, निवृत्तिवेतन व त्याच्या पश्चात कुटुंबाला आधार देतो. ही व्यवस्था कितीही अपुरी असली तरी तिच्यामागचे तत्त्व निर्विवाद आहे : ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा खर्चही सर्वांनी उचलावा. स्पायडरमॅनचे नाव कोणत्याच पगारपत्रकावर नाही. त्याच्या सेवेचा लाभ एका महानगरात वाटला जातो आणि तिचा संपूर्ण खर्च एका भाड्याच्या घरावर येऊन पडतो. जुलै १९६७ च्या पन्नासाव्या अंकात आजारी काकू आणि घसरलेला अभ्यास यांमुळे खचलेला पीटर आपला पोशाख कचऱ्याच्या पेटीत टाकून निघून जातो. वाचकांच्या मनावर तो प्रसंग कायमचा कोरला गेला, कारण त्यांपैकी प्रत्येकाला हा जमाखर्च अंतर्यामी पटला होता.

खर्च मात्र वाढतच गेला. नोव्हेंबर १९७० च्या अंकात प्रेयसी ग्वेनचे वडील, कॅप्टन स्टेसी, एका लहान मुलाला वाचवताना ढिगाऱ्याखाली मरण पावतात. जून १९७३ च्या अंकात स्वतः ग्वेनही जाते. महानायक व्हावयाचे तर आप्तांचा मृत्यू सोसावाच लागतो, हा या कथेचा जणू अलिखित नियम होऊन बसला.

एक बाप विरुद्ध एक विश्व

२०२३ च्या चित्रपटाने नेमक्या याच नियमावर बोट ठेवले आहे. त्याचा नायक माइल्स मोरालेस हे पात्र ब्रायन मायकेल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी २०११ मध्ये निर्माण केले. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या या मुलाचे वडील कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी, तर आई पोर्तो रिकोच्या वंशाची परिचारिका. आईबाप दोघेही लोकसेवेत असलेले हे घर आहे. कर्तव्य म्हणजे काय हे त्या घराला कोणी शिकवावे लागत नाही. वडिलांच्या कॅप्टनपदाच्या समारंभाला मुलगा उशिरा पोहोचतो, हातातल्या केकची दशा झालेली असते, आणि तो कोठे होता हे आईवडिलांना सांगू शकत नाही. मुखवट्यातल्या ज्या कोळ्याविषयी वडिलांना संशय आहे, तो आपलाच मुलगा आहे हे त्यांना ठाऊक नाही.

अशा या मुलाला कळते की अनेक विश्वांत अनेक स्पायडरमॅन आहेत आणि त्यांची एक संघटना आहे. तिचा प्रमुख मिगेल ओहारा याचा सिद्धांत असा की, प्रत्येकाच्या आयुष्यात काही घटना अटळ असतात. एका पोलीस कॅप्टनचा मृत्यू ही त्यांपैकी एक. ती टाळली तर त्या माणसाचे सबंध विश्वच कोसळते. माइल्सने नुकताच एक कॅप्टन वाचवलेला असतो. तो प्रसंग मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या 'मुंबटन' नगरीत घडतो. तेथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर हा मुळात २००४ मध्ये भारतीय वाचकांसाठी काढलेल्या चित्रकथेतला मुंबईकर मुलगा. त्याची मैत्रीण गायत्री हिचे वडील इन्स्पेक्टर सिंग यांना माइल्स वाचवतो आणि त्यानंतर त्या नगरीत एक विवर उघडते. आता दोन दिवसांत माइल्सचे वडील मरणार आहेत आणि त्याने ते मरण मुकाट्याने मान्य करावयाचे आहे. तो नकार देतो. मग शेकडो स्पायडरमॅन त्याच्या पाठीस लागतात. पूर्वी स्पायडरमॅनचा पाठलाग पोलीस आणि वृत्तपत्रे करीत. येथे तो त्याच्याच व्रतातले सहकारी करतात, हे या कथेतले खरे नावीन्य आहे.

मिगेलचे गणित

मिगेलला खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दुसऱ्या एका विश्वात मृत पित्याची जागा घेऊन तो त्याच्या मुलीबरोबर सुखाने राहू पाहत होता; ते विश्व ती मुलगी हातात असतानाच नाहीसे झाले. एका माणसापेक्षा असंख्य माणसे महत्त्वाची, हे त्याचे गणित निष्ठुर असले तरी मूर्खपणाचे नाही. धरण बांधणारे बुडणाऱ्या गावांविषयी हेच गणित मांडत आले आहेत, आणि कित्येकदा त्यावाचून गत्यंतरही नसते. तथापि या गणितावर तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप पुराव्याचा. मिगेलने एक विश्व कोसळताना पाहिले आणि त्यावरून सर्व विश्वांचा नियम बांधला. मुंबटनमध्ये विवर पडले हे खरे. परंतु त्याच वेळी तेथे 'स्पॉट' नावाच्या खलनायकाने एका प्रचंड यंत्राचा उत्पात घडवला होता. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. शिवाय चित्रपटाच्या अखेरीस ग्वेनचे वडील पोलीस खात्यातूनच बाहेर पडतात. अटळ म्हणून सांगितलेली घटना एका राजीनाम्याने टळू शकते, ही शक्यता मिगेलच्या हिशेबात नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. माइल्सला अडवणारे सारे जण आपापला काका, बाप किंवा मित्र गमावून बसलेले आहेत. ते मृत्यू टाळता आले असते, असे मान्य केले तर त्यांचे अवघे दुःख निरर्थक ठरते. म्हणून ते नियमाला घट्ट धरून बसतात. आम्ही सोसले, तूही सोस, हा त्यांचा युक्तिवाद. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सासवांनी सुनांना हेच ऐकवले. मागे होऊन गेलेला खर्च पुढच्या खर्चाचे समर्थन होऊ शकत नाही, हे व्यापाऱ्याला कळते. दुःखाच्या व्यवहारात मात्र ते शहाण्यांनाही उमगत नाही.

तिसरा आक्षेप संमतीचा. स्वतःचा प्राण देणे हा त्याग. दुसऱ्याचा प्राण देऊन टाकणे हा त्याग नव्हे. येथे जीव जाणार आहे तो वडिलांचा, आणि त्यांना कोणी विचारलेलेच नाही. समजा, मिगेलचे गणित अचूक आहे. तरीही त्या पोलीस अधिकाऱ्यापुढे सत्य मांडून निर्णय त्याच्यावर सोपवता आला असता. आयुष्यभर जोखीम पत्करलेल्या त्या माणसाने कदाचित स्वतःहून होकारही दिला असता. या बाबतीत माइल्सही निर्दोष नाही. आईवडिलांच्या भल्यासाठी म्हणून त्याने आपले खरे रूप त्यांच्यापासून लपवले. म्हणजे त्यांच्या वतीने त्यानेही परस्पर एक निर्णय घेऊनच टाकला होता. ज्यांना झळ पोचणार त्यांना हिशेब न दाखवणे, हा दोष संघटनेत आहे तसाच घरातही आहे.

रायबाचे लग्न

मराठी मनाला या प्रसंगी तानाजी मालुसरे आठवल्यावाचून राहत नाहीत. आधी लगीन कोंढाण्याचे, मग रायबाचे, हे त्यांच्या तोंडचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. कर्तव्य आधी, घर नंतर, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. परंतु त्या कथेला एक उत्तरार्धही आहे. १६७० मध्ये गड सर झाला, तानाजी पडले आणि त्यानंतर महाराजांनी स्वतः पुढाकार घेऊन रायबाचे लग्न लावून दिले, असे परंपरा सांगते. तानाजींच्या वाक्यात 'मग' हा शब्द आहे. रायबाचे लग्न रद्द झाले असे ते म्हणाले नव्हते. ज्या स्वराज्याने त्यांची सेवा घेतली, त्या स्वराज्याने त्या एका शब्दाचे ऋण फेडले. म्हणूनच ही कथा केवळ बलिदानाची न राहता न्यायाचीही होते.

पीटर पार्करच्या न्यूयॉर्कला हा उत्तरार्ध सुचला नाही आणि मिगेलच्या संघटनेला तो नकोसा वाटला. माइल्सचे बंड कर्तव्याविरुद्ध नाही. बाप आणि जग या दोघांनाही वाचवण्याचा प्रयत्न करू द्या, एवढेच त्याचे मागणे आहे. त्यात त्याला यश येईल की नाही, हे न सांगताच तो चित्रपट थांबतो. पण दोन्ही वाचवण्याचा प्रयत्न करण्यापूर्वीच एकावर काट मारणाऱ्या हिशेबाला कर्तव्य म्हणता येत नाही, एवढे तो निःसंदिग्धपणे सांगतो.

हा प्रश्न मुखवटे घालणाऱ्यांपुरता असता तर त्याची इतकी चर्चा करण्याचे कारण नव्हते. रात्रपाळीला जाणारी परिचारिका, दिवाळीच्या पहाटे एस.टी. घेऊन निघणारा चालक, निवडणुकीच्या कामावर पाठवलेला शिक्षक, यांच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते. त्यांच्या निष्ठेचे गोडवे गाणे सोपे असते, कारण गोडव्यांना खर्च येत नाही. त्यांनी घर की कर्तव्य यांतून निवड करावी, असे सांगण्यापूर्वी ही निवड त्यांच्यावर कोणी लादली आणि तिचा भार आपण किती उचलला, हे समाजाने स्वतःला विचारले पाहिजे. तारामती आणि रोहिदास यांचे नाव हिशेबाच्या वहीत आल्याखेरीज हरिश्चंद्राच्या सत्त्वाचा ताळेबंद पुरा होत नाही.