शंभर टक्के निकाल, पण कशाचा?

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एसटी थांब्यांवर ‘१०० टक्के निकाल’चे फ्लेक्स झळकू लागले. कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल असतो, त्यामुळे खेड्यातल्या हायस्कुलांचे कौतुक ओघाने येतेच. मुंबईकर मंडळी सत्काराची तारीख ठरवतात, संस्थाचालक हार घालून घेतात. या टक्क्यांमधून मुलांना काय येते ते मात्र कळत नाही.

२०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अव्वल कोकणही ८८.३८ वर घसरले. ओरड झाली, गुण परत मिळाले, आणि २०२० मध्ये राज्य ९५.३० वर, कोकण ९८.७७ वर पोहोचले. वर्षभरात मुले इतकी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! भाषेच्या तोंडी परीक्षेत शाळेने २० पैकी १८ दिले, की ८० गुणांच्या लेखी पेपरात १७ मिळवणारा मुलगाही उत्तीर्ण होतो. त्याला अकरावीत अर्जाचे चार परिच्छेद लिहिता येत नाहीत, यात त्याचा दोष कमीच.

छोट्या गावात आणखी एक गणित चालते. दहावीचा पट १४ असेल, तर एक मूल नापास होताच निकाल ९२.८६ वर येतो आणि शेजारच्या गावचा फ्लेक्स मोठा दिसू लागतो. मग कच्च्या मुलाच्या पालकांना नववीनंतर बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असे गोडीत सुचवले जाते. खासगी विद्यार्थ्याचा निकाल शाळेच्या नावावर धरला जात नाही. पालक बहुधा मोलमजुरीचे. ते मान डोलावतात. ज्या मुलाला शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, तोच वर्गाबाहेर जातो. हा सरळसरळ अन्याय आहे.

शिक्षकांवर सगळे खापर फोडणेही बरोबर नाही. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदे ठरवताना, पद जाते. गणित-विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले की इतिहासाचे शिक्षक फळ्यावर समीकरणे सोडवतात. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर शिपायाचे पदही निवृत्तीबरोबर संपते, त्याच्या जागी शाळेला ठोक भत्ता मिळतो. भत्ता काही घंटा देत नाही आणि प्रयोगशाळेची कपाटेही पुसत नाही. एवढे असूनही शाळेकडून अपेक्षा एकच, शंभर टक्क्यांची.

मंडळाने शाळानिहाय निकालात लेखी परीक्षेच्या गुणांची सरासरी स्वतंत्र द्यावी आणि त्याच शाळेचा आदल्या वर्षीचा नववीचा पट दहावीच्या पटाशेजारी छापावा. नववीत १९ आणि दहावीला १४ असे दिसले, तर उरलेली पाच मुले कुठे गेली, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी संस्थेला लेखी विचारावे आणि ते उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवावे.

– एक वाचक, रत्नागिरी