पोकर : यश परदेशात, वाट देशात बंद
नवी दिल्ली : लास वेगास येथील २०२४ च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मध्ये अडीच लाख डॉलर प्रवेशशुल्काची स्पर्धा जिंकून संतोष सुवर्णा या भारतीय खेळाडूने ५४ लाख डॉलरहून अधिक रकमेचे पारितोषिक मिळवले. तथापि, या व्यवसायाचा देशातील पाया आता खचला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरवले. व्यसन व कर्जबाजारीपणा रोखण्याचा त्यामागील हेतू रास्त आहे. मात्र, अल्प रकमेत खेळून तयार होण्याची नवोदितांची वाट त्यामुळे खुंटली. उरली ती मुख्यतः गोव्यातील कॅसिनोंची टेबले आणि परदेशवारी. परिणामी, या व्यवसायात कौशल्यापेक्षा भांडवलच निर्णायक ठरण्याचा संभव आहे.