पद गेले, हिशेबही गेला?

निवडणूक आली की उमेदवारांची शपथपत्रे बाहेर येतात आणि कोणाची मालमत्ता पाच वर्षांत किती पटींनी वाढली याची कोष्टके वृत्तपत्रे छापतात. आम्हीही छापतो. दोन दिवस बजाज चौकापासून आर्वी नाक्यापर्यंत, चहाच्या प्रत्येक टपरीवर त्याच आकड्यांची चर्चा चालते. तिसऱ्या दिवशी प्रचाराचे भोंगे सुरू होतात आणि आकडे विरून जातात. या चर्चेत एक मोठी गफलत आहे, आणि तीत आम्हीही सामील आहोत. आपण हिशेब पाहतो तो पुन्हा मते मागावयास आलेल्या माणसाचा. परंतु जो आता मते मागत नाही, मंत्रिपद वा आमदारकी भोगून जो बाजूस झाला, मुलाला किंवा सुनेला पुढे करून जो स्वतः ‘मार्गदर्शक’ बनला, त्याच्या संपत्तीचा हिशेब मागण्याची कोणतीही सोय मतदाराच्या हाती नाही. मुलाच्या शपथपत्रात पत्नीचा व अवलंबितांचा रकाना असतो. स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या वडिलांचा नसतो. आणि आपल्याकडे तर ‘माजी’ हा शब्द केवळ छापण्यापुरता. बोलण्यात माणूस जन्मभर मंत्रीसाहेबच राहतो!

शपथपत्राची ही व्यवस्था सुद्धा राजकीय पक्षांनी आपण होऊन दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी उमेदवाराची मालमत्ता जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. संसदेने घाईघाईने कायदा दुरुस्त करून तो हक्क आकसून घेतला, आणि मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्द ठरविली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘लोकप्रहरी’ या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: मालमत्ता किती एवढेच नव्हे, तर ती कोणत्या उत्पन्नातून आली हेही उमेदवाराने सांगावे, शिवाय निवडून आलेल्यांची संपत्ती अवाजवी वाढते की काय हे तपासणारी एक कायमची यंत्रणा उभी करावी. त्यांपैकी उत्पन्नाचा रकाना शपथपत्रात आला. यंत्रणा मात्र मतदाराला आजही कोठे दिसत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे, हे खरे. परंतु त्याची दृष्टी पदावरील काळापुरती आहे. पदावर असताना ज्ञात उत्पन्नाच्या प्रमाणाबाहेर मालमत्ता आढळली तर तो गुन्हा होतो. शहाणा माणूस पदावर असताना घेतोच कशाला? आज सही करावयाची आणि फळ सावकाश, सत्तेबाहेर पडल्यावर, कंपनीच्या सल्लागारपदाच्या रूपाने, जावयाच्या कंत्राटाच्या रूपाने किंवा महामार्गालगतच्या भूखंडाच्या रूपाने स्वीकारावयाचे, एवढा धीर धरण्याची कला आमच्या राजकारणाला अवगत झाली आहे. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात खासगी व्यापारी नोकरी धरावयाची असेल तर शासनाची परवानगी घ्यावी लागते. त्याच अधिकाऱ्याच्या टिपणीवर शेवटची सही करणाऱ्या मंत्र्याला मात्र कोणाला विचारावे लागत नाही.

येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रकरण आठवते. १९८० साली मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या पुढाकाराने इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास स्थापन झाला. त्या काळी सिमेंट नियंत्रित होते. बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये उघड मांडला आणि अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. खटला वर्षानुवर्षे या न्यायालयातून त्या न्यायालयात फिरला, कोणत्याही शिक्षेत त्याचा शेवट झाला नाही, आणि अंतुले पुढे केंद्रात मंत्रीही झाले. त्यांच्या दोषादोषाचा निवाडा आज आम्ही करू इच्छीत नाही. लक्षात घ्यावयाचे ते दोन मुद्दे. पहिला हा की पैसा जमा झाला तो न्यासाच्या खात्यांत. दुसरा हा की याच प्रकरणात १९८४ साली घटनापीठाने स्पष्ट सांगितले: ज्या पदाचा दुरुपयोग झाला असे म्हणणे आहे ते पद सुटले असेल, तर खटल्यासाठी शासनाच्या पूर्वमंजुरीची ढाल त्या माणसाला मिळणार नाही. चौतीस वर्षे हा नियम टिकला. २०१८ च्या दुरुस्तीने ती ढाल माजी पदाधिकाऱ्यांनाही बहाल केली. म्हणजे एकीकडे माजी मंत्र्याचे उत्पन्न विचारावयाची सोय नाही, आणि दुसरीकडे संशय आलाच तर खटल्यापूर्वी मंजुरी मागावयाची ती बहुधा त्याच्याच मित्रांच्या सरकारकडे! ही दुरुस्ती झाली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत जेवढा गलबला व्हावयास हवा होता तेवढा झाला नाही. आमच्या स्तंभांतही झाला नाही, हे आम्ही कबूल करतो.

हा प्रश्न आम्ही वर्ध्यातून विचारतो, त्याला कारण आहे. प्रांतांत मंत्रिपदे स्वीकारावीत की नाहीत याचा निर्णय काँग्रेस कार्यसमितीने जुलै १९३७ मध्ये घेतला तो याच गावी. मंत्र्यांचे वेतन दरमहा ५०० रुपयांवर ठेवले गेले, ते कराचीच्या १९३१ च्या ठरावास अनुसरून. गांधीजी तेव्हा सेवाग्रामला होते, आणि मंत्रिपद हा मिरविण्याचा नव्हे तर टोचणारा मुकुट आहे, तो सैल हाताने धरावा, असे ते सहकाऱ्यांना बजावीत होते. मगनवाडीत राहून ग्रामोद्योगाचे काम पाहणारे कुमारप्पा हे तर हिशेबाच्या बाबतीत गांधीजींनाही न सोडणारे गृहस्थ. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजी आपल्या परिवारासह तेथे आले तेव्हा त्या मंडळींचा खर्च भूकंपग्रस्तांच्या निधीतून होणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. आणि जमनालालजी बजाज! काँग्रेसचे खजिनदारपद अनेक वर्षे सांभाळणारा हा धनिक माणूस अखेरच्या काळात गोपुरीतील झोपडीत राहावयास गेला. धनवंताने धनाचा मालक नव्हे, विश्वस्त व्हावे, ही गांधीजींची शिकवण या भूमीत प्रत्यक्ष आचरली गेली.

त्याच शब्दाचे आज काय झाले आहे? विश्वस्त म्हणजे ट्रस्टी, आणि ट्रस्ट म्हणजे शपथपत्रात न दिसणारी संपत्ती! अभियांत्रिकी महाविद्यालय संस्थेचे, रुग्णालय संस्थेचे, मोटार संस्थेची. संस्थेवर पती अध्यक्ष, पत्नी सचिव, चिरंजीव कोषाध्यक्ष. सर्वच संस्था अशा आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. खेड्यापाड्यांत शिक्षण पोचविले ते अशाच संस्थांनी, आणि त्यांत झिजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. परंतु उमेदवार ‘माझ्या नावे मोटार नाही’ असे शपथेवर लिहितो आणि ते अक्षरशः खरे असते, तेव्हा अशा शपथेचा अर्थ काय उरतो?

आता याच्या शेजारी याच जिल्ह्यातील शेतकऱ्याचा कागद ठेवून पाहा. त्याची जमीन किती, पेरा कशाचा आणि बँकेचा बोजा किती, हे सारे सातबाऱ्यावर लिहिलेले असते आणि तो सातबारा कोणालाही पाहता येतो. त्याची गरिबी सार्वजनिक आहे. केंद्राने २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत वर्धा एक होता. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर त्याच्या कुटुंबास मिळावयाचे एक लाख रुपये. त्यांतील ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, अशी २००६ ची रीत. तेही केव्हा? जमीन नावावर होती, कर्ज बँकेचे वा परवानाधारक सावकाराचेच होते, ते थकले होते आणि वसुलीचा तगादा होता, हे कागदोपत्री सिद्ध झाल्यावर. एखादा कागद कमी पडला की प्रकरण ‘अपात्र’. हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या तहसिलींत या शब्दाचा अर्थ किती स्त्रियांनी कसा जाणला आहे, हे तेथील कारकुनांना विचारावे. मेलेल्या माणसाच्या कर्जाची एवढी बारीक तपासणी करणारे राज्य जिवंत माजी मंत्र्याच्या संपत्तीसमोर मात्र एकाएकी शिष्टाचारी बनते. तलाठ्यालासुद्धा आपल्या मत्तेचे विवरण वरिष्ठांकडे द्यावे लागते!

यावर खासगीपणाचा आक्षेप घेतला जाईल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटलेच आहे की उमेदवाराने घरातील प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करण्याचे कारण नाही. ते आम्हांस मान्य आहे. कोणाच्या मनगटावर कोणते घड्याळ आहे हे जाणण्याची आम्हांस हौस नाही. प्रश्न घड्याळाचा नाही, जमिनीचा, भागभांडवलाचा आणि संस्थांवरील ताब्याचा आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक सहानुभूतीने ऐकण्याजोगा आहे: राजकारणात आयुष्य घालविलेल्या माणसाने म्हातारपणी खावे काय? म्हणूनच तर निवृत्तिवेतन आहे. खासदारांना ते १९७६ पासून मिळते. १ एप्रिल २०२३ पासून ते किमान ३१ हजार आहे. माजी आमदारांचे महाराष्ट्राने २०१६ साली ५० हजारांवर नेले. ते बंद करा असे आम्ही म्हणत नाही. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून येऊन एस.टी.ने फिरणारे गणपतराव देशमुख यांच्यासारख्यांना ते मिळाले तर कोणाच्या पोटात दुखावे? परंतु निवृत्तिवेतन घेणाऱ्याने हिशेबही द्यावा. अमेरिकेत अध्यक्षांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १९५८ साली झाला तो हॅरी ट्रूमन यांच्या ओढगस्तीच्या कहाण्या ऐकून. २०२१ साली पॉल कँपोस या कायद्याच्या प्राध्यापकाने ट्रूमन कुटुंबाच्याच कागदपत्रांवरून असे मांडले की अध्यक्षमहाशय पद सोडतानाच चांगले सधन होते. कोणी हिशेब मागितला नव्हता, म्हणून कहाणी चालली. पुढे त्याच देशाने १९७८ च्या कायद्याने पद सोडल्यापासून तीस दिवसांत आर्थिक विवरण देण्याचे बंधन घातले.

आपल्याकडे याहून थोडे अधिक हवे, कारण आपल्याकडे फळ उशिरा पिकते. मंत्री, आमदार, खासदार यांनी पद सोडताच एक विवरण द्यावे, आणि त्यानंतर पाच वर्षे दरवर्षी एक. ज्या न्यासांवर, कारखान्यांवर, बँकांवर त्यांचा वा कुटुंबीयांचा ताबा आहे त्यांची नावे त्यात असावीत. आणि २०१८ ची ती ढाल काढून घ्यावी. विधानसभेला हा कायदा करावयास वेळ लागेल, कारण तो आपल्याविरुद्ध करावयाचा आहे.

तोवर वर्धा जिल्ह्यातील आजी-माजी लोकप्रतिनिधींना कोणी अडविलेले नाही. ज्यांना आपला हिशेब आपण होऊन लोकांपुढे ठेवावयाचा असेल त्यांनी तो आमच्याकडे पाठवावा. पक्ष न पाहता, एक अक्षर न गाळता, जाहिरातीचा दर न आकारता तो याच पृष्ठावर छापला जाईल. ज्यांचा येणार नाही त्यांची नावे मात्र आम्ही छापणार नाही. ती वाचकांस ठाऊक आहेत.