पाळणाघर बांधणाऱ्या शास्त्रज्ञ

मुंबईतल्या स्त्री-शास्त्रज्ञांनी १९७३ साली ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ काढली. अशा संघटनेकडून आपण काय धरून चालतो? परिषदा, ठराव, निवेदनं आणि आठ मार्चला शाल-श्रीफळ. या बायकांनी मात्र वाशीत नोकरदार मुलींसाठी वसतिगृह उभं केलं आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. जोडीला ग्रंथालय, आरोग्य केंद्र, संगणकाचे वर्ग. विज्ञानाच्या धोरणाबद्दल आपल्या देशात इतकं नेमकं बोललेलं मला फारसं आठवत नाही, आणि हे तर विटा-सिमेंटमध्ये बोललेलं आहे.

भुसावळात बसून पाहिलं की त्याचं मोल चटकन कळतं. आपल्या कॉलेजांत विज्ञानाच्या वर्गाला मुलींची वानवा नाही. देशाचंही तेच. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या केंद्रीय पाहणीत विज्ञान शाखेत २९.८ लाख मुली होत्या आणि २७.४ लाख मुलगे. प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत मात्र पाचात एकही बाई धड भरत नाही. मधल्या मध्ये या पोरी गेल्या कुठे? एम.एस्सी.चा निकाल लागला म्हणून बुद्धी रातोरात आटत नाही.

जळगावचं अप-डाऊन घरच्यांना चालतं. पंचवीसेक किलोमीटर, सकाळी गेलेली पोरगी दिवेलागणीला घरात. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेचं नाव निघालं की पहिला प्रश्न विषयाचा नसतोच. राहशील कुठे? प्रयोग रात्री अकराला संपला तर परत कशी येशील? आणि लग्नानंतर, मुलाला कोण पाहील? हे विचारणारे बाप काही दुष्ट नसतात. आपल्या गावात तर निम्म्यांनी रेल्वेत रात्रपाळ्या काढलेल्या असतात, अपरात्री घरी येणं म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको. म्हणूनच ते घाबरतात. त्यांच्या भीतीवर स्त्रीशक्तीचं भाषण हा उतारा नव्हे. परवडणारी खोली, जागी असलेली वॉर्डन आणि फाटकापर्यंत येणारी बस एवढंच त्यांना पटतं.

या सोयी नव्हत्या, संघटनाही नव्हती, तेव्हा काय व्हायचं ते कमला सोहोनींच्या आयुष्यात दिसतं. तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं: पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडेपर्यंत मान्यता नाही, आणि संस्थेतलं वातावरण बिघडता कामा नये. पुढे १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम-सी असतं, हे त्यांचं काम. मायदेशी येऊन त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. रामन यांनी दिलेली वागणूक त्या विसरल्या नाहीत. १९९७मध्ये, म्हणजे चौसष्ट वर्षांनी, त्यांनी ती उघडपणे बोलून दाखवली, ती याच स्त्री-शास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यक्रमात. एवढ्या वर्षांनी का होईना, ऐकायला आपली माणसं समोर होती.

त्यांची दुसरी बाजू आपण कमी सांगतो. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी ग्राहकांसाठी ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी’ काढली. सोहोनी तिच्यात रमल्या, १९८२-८३मध्ये अध्यक्षही झाल्या. अन्नातली भेसळ कशी ओळखायची हे त्या गृहिणींना समजावून सांगत. केंब्रिजची डॉक्टरेट थेट स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी आणली त्यांनी. विज्ञानाची बाजू मांडणं याहून वेगळं ते काय असतं?

बाजू मांडायची दुसरी वाट पत्राची. अमेरिकेत नोव्हेंबर २०१६च्या निवडणुकीनंतर काही स्त्री-शास्त्रज्ञांनी विज्ञानाच्या आणि सर्वसमावेशकतेच्या बाजूने एक खुलं पत्र लिहिलं. पाचशे सह्या मिळाल्या तरी खूप, असा त्यांचा हिशेब होता. आल्या वीस हजारांहून अधिक, शंभरावर देशांतून. चळवळीचं नाव मात्र ‘५०० विमेन सायंटिस्ट्स’ असंच राहिलं. पत्राची ताकद मोठी, पण पत्रात पोराला निजवता येत नाही.

वसतिगृह-पाळणाघराच्या कामावर एक शेरा ठरलेला: हे समाजकार्य झालं, यात विज्ञान कुठे आहे? प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राला चोवीस तास एसी लागतो, त्याला कुणी यंत्राचे लाड म्हणत नाही. यंत्र चालवणारीच्या बाळाला मात्र चार तास खोली मागितली की तो लाड ठरतो.

कायदे तसे कागदावर आहेत. पीएच.डी. करणाऱ्या मुलींना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांनी २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा दिली. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. आता विद्यावेतनावर राबणारी संशोधक ही ‘कर्मचारी’ की ‘विद्यार्थिनी’, यावर दोन टेबलांमध्ये फाइल आरामात म्हातारी होऊ शकते. एकटीने विचारलं तर ती कटकट ठरते, वीस जणींनी मिळून विचारलं तर निवेदन होतं आणि त्याला आवक क्रमांक पडतो.

बरं, इथे शास्त्रज्ञ बायकांनी बोलावं असे विषय काही कमी नाहीत. दीपनगरच्या वीज केंद्राची राख आहे, रावेर-यावलच्या केळीवरचा सीएमव्ही विषाणू आहे, पारा पंचेचाळीसच्या वर नेणारा आपला मे महिना आहे. यावर गावात बोलतात कोण, तर पुढारी आणि औषधविक्रेते. रसायन, वनस्पती आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या प्राध्यापिका हे सगळं जाणतात. मात्र प्रत्येक जण आपापल्या स्टाफरूममध्ये.

तेव्हा भुसावळ-जळगावच्या मॅडमांनी एका रविवारी जमावं. सभागृह नको, बॅनर नको, सत्कार तर नकोच. विषय दोन पुरेत. लेकुरवाळ्या असून संशोधन करणाऱ्या, आणि मूल झाल्यावर ते सोडावं लागलेल्या मुलींची नावानिशी यादी करायची. आणि आपापल्या संस्थेला लेखी विचारायचं, पाळणाघराची खोली कोणती आणि ती कधी उघडणार.