परसदारी : पाणीगेटची रायण

पाणीगेटाबाहेर पडून आजव्याच्या रस्त्याला लागले, की वैशाखात हातगाडीवर रायणीचा पिवळाधमक ढीग दिसतो. दुरून निंबोळ्याच वाटाव्यात. महाराष्ट्रातून नुकतीच आलेली सून त्याकडे वळूनही पाहत नाही. इथल्या मराठी घरात वाढलेले मूल मात्र पाव किलोचा पुडा घेतल्यावाचून हलत नाही आणि मग चिकाने चिकटलेले ओठ सोडवीत बसते.

मराठीत हिला खिरणी म्हणतात. संस्कृतात ती क्षीरिणी, तसेच राजादन. आपल्या बडोद्याच्या मराठीत मात्र गुजराती ‘रायण’च रुळली. शत्रुंजयावर आदिनाथांच्या मंदिरामागील रायणीला जैन यात्रेकरू प्रदक्षिणा घालतात. वाळविलेल्या फळांच्या कोकड्या पुढे वर्षभर, विशेषतः उपवासाला, उपयोगी पडतात. लाकूड इतके चिवट, की पूर्वी ते तेलाच्या घाण्याला वापरीत. साल कातडे कमावण्याच्या कामी येई आणि बियांचेही तेल निघते.

पण हिचे खरे नवे काम आपल्याला दिसतच नाही, कारण ते जमिनीखाली चालते. चिकू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतला. डहाणूजवळच्या घोलवडला तो १८९८च्या सुमारास लागला आणि २०१६ मध्ये तिथल्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले. बियांपासून वाढविलेला चिकू फार उशिरा फळतो, शिवाय फळ मूळ झाडासारखे येईल याची खात्री नसते. म्हणून कलम बांधावे लागते. चिकू, रायण, मोह, बकुळ ही सारी एकाच कुळातली. अनेक खुंट वापरून पाहिल्यावर चिकूला सर्वांत मानवला तो रायणीचा. झाड जोमाने वाढते आणि दीर्घायुषी होते. गणदेवी-अमलसाडच्या बागेत आपण काळीपत्ती चिकू तोडतो तेव्हा त्याला उभे धरणारी मुळे बहुधा रायणीची असतात!

अडचण एवढीच, की रायण अतिशय सावकाश वाढते. कलम बांधण्याजोगे रोप व्हायलाच सुमारे दोन वर्षे लागतात. मग फळासाठी बीचे झाड कोण लावणार? गोध्र्यानजीक वेजलपूरच्या केंद्रीय उद्यान संशोधन केंद्राने ‘थार ऋतुराज’ हे निवडक वाण दिले आहे. कलमी झाड बीच्या झाडापेक्षा पुष्कळ लवकर फळते, ही त्यातली आशा. परंतु खुंटासाठी बी हवे, आणि बी जुनी झाडेच देणार.

अशीच एक जुनी रायण पाणीगेटच्या आतल्या एका वाड्याच्या परसात आहे. वाडा पाडून इमारत बांधायचे घरात ठरले आहे. मुलांचेही चूक म्हणवत नाही. छप्पर दर पावसाळ्यात गळते. त्या घरच्या काकूंनी मला बोलावून विचारले, “हिला उपटून दुसरीकडे लावता येईल का रे?”

“नाही काकू, या वयात ती जगायची नाही.”

काकू बराच वेळ बुंध्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग बिया तरी घेऊन जा. मीही लावते.”

ज्येष्ठात आम्ही दोघांनी ताज्या बिया धुऊन जुन्या तेलाच्या डब्यांत पेरल्या. बी जुने झाले की नीट रुजत नाही, म्हणून घाई केली. निम्म्याहून थोडी कमी रोपे वर आली आहेत. त्यांतली दोन काकूंनी नव्या इमारतीच्या कुंपणाशी लावण्यासाठी राखून ठेवली आहेत. बाकीची चिकूची कलमे बांधणाऱ्या एका माळ्याकडे जातील. झाड दिवाळीनंतर पडणार आहे.