गाडी दामटतो कोण?

चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात आणि नेमका त्याच सुमारास आपल्या मराठवाड्यात उसाचा गळीत हंगामही सुरू होतो. तुळजापूर-नागपूर महामार्गाच्या नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या पट्ट्यात त्या दिवसांत भल्या सकाळी बाहेर पडले, तर एका कडेने अनवाणी चालणारा संघ दिसतो. त्यामागे पिवळे दिवे लुकलुकवत सावकाश येणारी सेवकांची गाडी असते. पुढे कुठेतरी उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो, बहुधा मागे लाल दिवा नसलेला. आणि या दोघांच्या मधून सुसाट जाणारे आपण असतो.

विहारात वाहनाच्या धडकेने साधू-साध्वींना प्राण गमवावे लागल्याच्या बातम्या वारंवार कानी येतात. समाज हळहळतो, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले जाते. बेदरकार चालकावर कठोर कारवाई करावी, ही त्यातली पहिली मागणी असते. अशा निवेदनांवर मीही सह्या केल्या आहेत. एकदा निवेदन देऊन परतताना, आमच्यापैकी एकाच्या घरी पाहुणे यायचे होते म्हणून आम्ही चालकाला घाई केली. वेगाचा काटा ११० वर होता. त्याकडे माझे लक्ष गेले, पण मी काही बोललो नाही.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. आपल्यापैकी अनेकांना ही मर्यादा म्हणजे सरकारने दिलेले उद्दिष्ट वाटते. शंभर लिहिले आहे म्हणून शंभर गाठायचेच! पण ती कमाल आहे, आणि तीही रस्ता मोकळा व दृष्टी स्वच्छ असताना.

याचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. समोर काही दिसले, पाय ब्रेकवर पोहोचायला एक सेकंद लागला, रस्ता कोरडा आणि टायर उत्तम, असे सारे अनुकूल धरले तरी गाडी पूर्ण थांबेपर्यंत ८० मीटरहून अधिक अंतर कापते. ८० च्या वेगात तेच अंतर ५७ मीटरच्या आसपास येते. म्हणजे ८० ची गाडी जिथे थांबलेली असते, तिथे १०० ची गाडी अजून ताशी सुमारे ६८ किलोमीटरने धावत असते! आता याची दुसरी बाजू पाहू. नांदेड ते लातूर अंतर सुमारे १४० किलोमीटर. सारा रस्ता ८० ऐवजी १०० ने कापला, तर वाचतात २१ मिनिटे. प्रत्यक्षात गावे, गतिरोधक आणि टोलनाके धरता तीही वाचत नाहीत. आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासले. एवढ्या लाभासाठी एवढी जोखीम घेणारा प्रस्ताव मी सही न करता परत पाठवला असता.

मुनींच्या ईर्यासमितीचा विचार मला या गणितापाशी नेहमी आठवतो. चार हात पुढची भूमी पाहत, उजेडात, जीव वाचवीत चालावे, असा तो नियम. त्याचे मर्म एवढेच, की जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे. रात्री मंद झोतात मोटारीचा दिवा चाळीस-साठ मीटरपर्यंतच रस्ता नीट दाखवतो आणि १०० च्या वेगाला थांबायला ८० मीटर लागतात. मधल्या त्या वीस-चाळीस मीटरांत विनादिव्याची ट्रॉली असू शकते, सायकलस्वार असू शकतो, बैल असू शकतो. तेवढी भूमी आपण न पाहताच तुडवीत असतो.

‘पण आमचा हेतू तर मारण्याचा नसतो’, असे कोणी म्हणेल. गृहस्थाचा त्याग संकल्पी हिंसेपुरता, हे खरे. परंतु उमास्वातींनी हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे आणि आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात त्याचा पुढचा अर्थ सांगितला आहे. सावधपणे वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी त्याला हिंसा लागत नाही आणि असावधपणे वागणाऱ्याला जीव न जाताही लागते. या कसोटीवर ११० च्या वेगाने सुखरूप घरी पोहोचणे हीसुद्धा सुखरूप गोष्ट ठरत नाही.

इथवर सारे चालकाबद्दल झाले. २०२२ मध्ये देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदलेले आहेत. त्या रकान्यात चालकच दिसतो; त्याला घाई कोणाची होती, हे लिहायला जागा नाही.

ती जागा किती मोठी आहे, हे मला ठाऊक आहे. मी तालुक्याच्या एका शाखेत व्यवस्थापक होतो. मार्चअखेर, लेखाबंदीचे दिवस, लातूरला अकरा वाजता बैठक. भाड्याची जीप केली होती. तेव्हा रस्ता एकपदरी होता. मी दोनदा मनगटावरचे घड्याळ चालकापुढे धरले आणि ‘अहो, जरा लवकर घ्या’ म्हणालो. त्यानंतर कागदपत्रे वाचू लागलो. एका फाट्यावर दुधाचे कॅन लावलेली सायकल रस्त्यावर आली. ब्रेक लागले, पण उशिरा. दूधवाल्याचा पाय मोडला. आम्ही त्याला दवाखान्यात नेले, तेवढे तरी केले. गुन्हा चालकावर नोंदला गेला. माझा जबाब साक्षीदार म्हणून झाला. ‘मी मागे बसून कागद वाचत होतो’ असे त्यात लिहिले आहे, आणि ते खरे आहे. घड्याळाबद्दल कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही. मालकाने चालकाला कामावरून काढले. दूधवाला पुढे चालू लागला, किंचित लंगडत. बैठक त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुरू झाली.

निवृत्तीनंतर सहज मोटार वाहन कायदा वाचत बसलो होतो. कलम १८३ पाशी थबकलो. वेगमर्यादा मोडणाऱ्या चालकाला तिथे दंड आहेच. हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम वा जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये. पण आपल्या नोकरास किंवा आपल्या ताब्यातील माणसास तसे चालवायला लावणाराही त्याच कलमाखाली दोषी आहे. आणि पुढे आणखी सूक्ष्म तरतूद आहे: अमुक वेळात प्रवास पुरा करा असा आदेश दिला किंवा तसे वेळापत्रक प्रसिद्ध केले आणि ती वेळ मर्यादा मोडल्याशिवाय पाळता येण्याजोगी नाही असे न्यायालयास वाटले, तर तो आदेश किंवा ते वेळापत्रक हाच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. ही तरतूद १९८८ पासून कायद्यात आहे. म्हणजे माझ्या जबाबाच्या दिवशीही होती.

कायद्याने ‘कृत’ आणि ‘कारित’ दोन्ही धरले. आपल्या शास्त्राने ‘अनुमोदित’ही धरले. जपमाळेच्या १०८ मण्यांचा हिशेब लहानपणी पाठशाळेत शिकलो होतो: संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन, मन, वचन, काय हे तीन, कृत, कारित, अनुमोदित हे तीन, आणि चार कषाय. गुणाकार बिनचूक करीत असे. घड्याळ पुढे धरणे हा त्यातला कितवा मणी, हे मात्र तेव्हा कोणी विचारले नव्हते.

अनुमोदन तर आपण रोजच करतो. नांदेड-पुणे, लातूर-पुणे रात्रीच्या खासगी गाड्यांत जी सर्वांत लवकर पोहोचवते तिचीच आसने आधी भरतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. चालकावर गुन्हा नोंदला गेला, चर्चाही त्याचीच झाली. रात्रभर जागून दुसऱ्यांना झोपेत पोहोचवणारी ही पद्धत मात्र आपल्या सोयीची, म्हणून तिच्याबद्दल आपण फारसे बोललो नाही.

यंदा आमच्या मंडळाने यात्रेचे पत्रक छापायला घेतले, तेव्हा हिशेबनीस म्हणून ते माझ्याकडे आले. एका दिवसात कुंथलगिरी आणि कचनेर, दोन्ही. पहाटे चारला प्रस्थान, रात्री दहाला परत. मी पूजा, भोजन, चहा वजा केले, अंतराला उरलेल्या तासांनी भागले. सरासरी ५५ च्या वर आली. वाटेत दुपदरी रस्ता बराच, तिथे बसची मर्यादा ६०. मध्ये गावे आणि गतिरोधक. ही सरासरी राखायची तर चालकाला ८० ने जावे लागणार. चालक एकच, तोही आदल्या रात्री लग्नाचे वऱ्हाड पोहोचवून येणारा.

सभेत मी कलम वाचून दाखवले. एकदोघे हसले. ‘साहेब, अजून बँकेतच आहात’, असे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. एका आजींना कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शन याच वर्षी हवे होते, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही म्हणाल्या. त्यांना उत्तर देणे मला सर्वांत जड गेले. तासभर वाद झाला. शेवटी कचनेर वेगळ्या दिवशी ठेवले, बसमालकाकडून दुसरा चालक मागवला, त्याचे जादा पैसे माणशी चाळीस रुपये पडले. पत्रकावर परतीची वेळ छापलेली नाही. तिच्या जागी ‘गाडी पोहोचेल तेव्हा’ असे लिहिले आहे.